देबरॉय समितीतलं नेमकं काय राहिलं? रेल्वेला स्वतंत्र नियामक हवा का?

रूळप्रेमी

नमस्कार मंडळी,

बिबेक देबरॉय १ नोव्हेंबर २०२४ ला गेले, वय ६९. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचे अध्यक्ष आणि महाभारताचे इंग्रजी अनुवादक म्हणून ते बहुतेकांना माहीत आहेत. मी एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि माझ्या दृष्टीने त्यांचं सर्वात मोलाचं काम रेल्वेवरचं आहे. त्याबद्दल मराठीत फार कमी बोललं गेलंय, म्हणून हा धागा.

थोडक्यात प्रवास असा. जन्म १९५५, शिलाँग. शिक्षण कोलकात्याचं प्रेसिडेन्सी कॉलेज, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि केंब्रिजचं ट्रिनिटी. ऐंशीच्या दशकात काही वर्षं आपल्या पुण्यात, गोखले इन्स्टिट्यूटमध्ये. उदारीकरणानंतर, १९९३ ते १९९८, अर्थ मंत्रालयाच्या 'लार्ज' प्रकल्पाचे संचालक. खुल्या अर्थव्यवस्थेला जुने कायदे कुठे आडवे येतात हे शोधायचं, असा तो प्रकल्प. त्यांच्या पुढच्या कामाचं मूळ मला तिथेच दिसतं. बाजार खुला केला असं नुसतं जाहीर करून भागत नाही, कुणी आत यावं, कुणी दर ठरवावे, तक्रार कुणाकडे न्यावी, हे सगळं कायद्यात बसवावं लागतं.

सप्टेंबर २०१४ मध्ये रेल्वे मंत्रालय आणि रेल्वे बोर्डाच्या पुनर्रचनेसाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जून २०१५ मध्ये अंतिम अहवाल आला. व्यापारी पद्धतीचे हिशेब ठेवा, नोकरशाहीतले वेगवेगळे संवर्ग (अधिकाऱ्यांच्या सेवा) एकत्र आणा, महाव्यवस्थापक आणि डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) यांना अधिकार द्या, शाळा-इस्पितळांसारखी कामं मूळ कामापासून वेगळी करा, स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प बंद करा, गाड्या चालवायला इतरांनाही येऊ द्या. आणि हे सगळं न्याय्य रीतीने व्हावं म्हणून संसदेच्या कायद्याने, स्वतःचा निधी असलेला, मंत्रालयाबाहेरचा नियामक, म्हणजे नियम पाळले जातात का हे पाहणारा तिसरा, नेमा.

अर्थसंकल्प विलीन झाला. सेवाही एकत्र झाल्या. नियामक मात्र तसा झाला नाही. एप्रिल २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने 'रेल विकास प्राधिकरणा'ला मंजुरी दिली, पण ते सल्ला देणारं, सरकारी ठरावाने आलेलं. प्रवासी भाडं आणि मालभाडं आजही मंत्रालयच ठरवतं.

माझं मत असं की बाकीच्या शिफारशी या एका शिफारशीवर उभ्या होत्या. तुम्हाला काय वाटतं? मुख्य म्हणजे, असा नियामक नसल्याने तुम्हाला स्वतःला काही फरक पडलाय का?

चौथी_सीट

रोज कल्याण ते सीएसएमटी. नियामक आला तर पहिला अर्ज माझा. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर बसणाऱ्याला पाऊण तिकीट!

तिकीटबाबू

धागा चांगला आहे ताई. मी बुकिंग खिडकीवर एकतीस वर्षं काढली, त्यामुळे माझी बाजू सरळ सांगतो. हा अहवाल आला तेव्हा आमच्या कर्मचाऱ्यांमध्ये एकच शब्द फिरत होता, खासगीकरण. समितीने तो शब्द वापरलेला नाही, 'उदारीकरण' म्हटलंय, हे मला ठाऊक आहे. पण ज्याचं पेन्शन आणि क्वार्टर त्या खात्यावर अवलंबून आहे त्याला या दोन शब्दांतला फरक कोण समजावणार?

भाड्याबद्दल. २०१६ च्या सुमाराला तिकिटावर एक ओळ छापायला लागले, रेल्वे प्रवासाच्या खर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल करते म्हणून. खिडकीवर एक म्हातारे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून ती ओळ वाचायचे आणि दर वेळी विचारायचे, "बाबू, उरलेले कोण देतं हो?" मी सांगायचो, मालगाडी देते. कोळसा देतो, सिमेंट देतं. ते म्हणायचे, "मग कोळशाला नमस्कार सांगा."

माझा मुद्दा एवढाच की आटपाडीहून मुंबईला हमालीला जाणारा माणूस पूर्ण भाडं देऊ शकत नाही. नियामकाने खर्चाला धरून भाडं लावलं तर त्याने काय करायचं?

हिशेबतपासनीस

बाबूकाका, तुमच्या म्हाताऱ्या गृहस्थांचा प्रश्न हाच देबरॉय समितीचा पहिला प्रश्न होता. उरलेले कोण देतं? आणि त्याआधी, खर्च शंभर रुपये आहे हे कुणी मोजलं?

मी सी.ए. आहे, म्हणून माझा जीव हिशेबात अडकतो. रेल्वेचे हिशेब सरकारी पद्धतीने, रोख आली-गेली असे ठेवले जात. त्यात एखाद्या मार्गाला किंवा एखाद्या गाडीला खरोखर किती खर्च आला हे काढता येत नाही. लोणावळा लोकल घ्या. तिच्याच रुळांवरून डेक्कन क्वीन जाते, मालगाडीही जाते. रूळ झिजले तर त्यातली किती झीज लोकलची आणि किती मालगाडीची? एकत्र कुटुंबात एकाच गॅसवर सगळ्यांचा स्वयंपाक होतो आणि सिलेंडरचे पैसे एकच भाऊ देतो. वाटणीची वेळ येते तेव्हा कळतं की कुणाच्या वाट्याला किती गेला हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही.

म्हणून समितीने व्यापारी हिशेबांवर इतका जोर दिला. पुढे अजमेर विभागात आणि कपूरथळ्याच्या डबे कारखान्यात उपार्जित पद्धतीचे (रोख कधीही येवो-जावो, उत्पन्न आणि खर्च ज्या काळाचा त्या काळात नोंदवणारे) हिशेब करून पाहिले गेले. हे काम कंटाळवाणं आहे, त्याची बातमी होत नाही. पण हिशेब नसेल तर सवलत किती द्यायची हे कुठल्या आधारावर ठरवणार? हमालाला सवलत द्या, जरूर द्या. फक्त ती किती रुपयांची आहे हे कागदावर येऊ द्या, आणि सरकारने ती उघडपणे भरून द्यावी, कोळशाच्या भाड्यात दडवून नको.

नियामक मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन. हिशेब आधी.

कांदेवाला_निफाड

कोळशाला नमस्कार पोचला. कांद्याला पण सांगा.

आमचा कांदा निफाड-लासलगाव पट्ट्यातून बिहार, बंगाल, आसामपर्यंत जातो. रेल्वेच्या रेकने, म्हणजे पूर्ण मालगाडीने, जातो तेव्हा स्वस्त पडतो यात वाद नाही. एका रेकला चाळीस-बेचाळीस बंद वाघिणी (मालडबे). पण ज्याच्याकडे पूर्ण रेकइतका माल नाही त्याने काय करायचं? दहा-बारा जण मिळून भरतो. एकाच्या गोण्या उशिरा आल्या की सगळ्यांवर डेमरेज, म्हणजे डबे अडवून ठेवल्याचा आकार.

कंटेनरचा माझा अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी निर्यातीचा कांदा बंदराला पाठवायला एका खासगी कंटेनर कंपनीच्या एजंटकडे गेलो. दर ठरला, कागद झाला. माल भरून झाल्यावर बिल आलं ते वाढीव. विचारलं तर म्हणे वरून हॉलेज (गाडी ओढून नेण्याचा रेल्वेचा दर) वाढलं. वरून म्हणजे कुठून? तो म्हणे परिपत्रक. परिपत्रक दाखव म्हटलं तर ते त्याने दाखवलं नाही. हॉलेज खरंच वाढलं की याने माझी गरज पाहून खिसा कापला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कांदा तर थांबत नाही. पत्र्याच्या डब्यात दोन दिवस जास्त राहिला की खालच्या थरातल्या गोण्या ओल्या होतात आणि हात घातला की कोंब लागतात बोटांना. मी पैसे भरले.

रूळप्रेमी ताई, तुम्ही विचारलंत ना फरक पडलाय का म्हणून. माझ्यासाठी हा फरक. त्या दिवशी कुणाला विचारायचं हे मला माहीत नव्हतं.

कलम_एकोणीस

कांदेवाला दादांचा अनुभव वाचून राहवत नाही. मी दिल्लीत स्पर्धा कायद्याची वकिली करतो. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

पहिली, स्पर्धा आयोग. १९६९ चा मक्तेदारीविरोधी एमआरटीपी कायदा जाऊन २००२ चा स्पर्धा कायदा आला, आयोगाचं अंमलबजावणीचं काम २००९ पासून सुरू झालं. कुणी वरचढ स्थितीचा गैरवापर केला, साटंलोटं केलं, तर आयोग चौकशी करतो. घडून गेल्यावर.

रेल्वे तिथे दोन्ही भूमिकांत आलेली आहे. रेल्वेला लागणाऱ्या ब्रशलेस पंख्यांच्या निविदांमध्ये पुरवठादारांनी संगनमत केलं, त्यात नुकसान झालेल्यांमध्ये रेल्वे होती. त्यातल्या एका कंपनीने स्वतःहून माहिती दिली आणि जानेवारी २०१७ मध्ये तिचा दंड ७५ टक्क्यांनी कमी झाला. सवलतीच्या तरतुदीखालचा भारतातला तो पहिला आदेश.

आणि रेल्वे आरोपीही झाली, तीही नेमकी कंटेनरच्याच बाबतीत. १९८८ मध्ये सरकारने कॉनकॉर ही कंटेनर वाहणारी कंपनी काढली. २००६ मध्ये कंटेनर गाड्या चालवायला खासगी कंपन्यांना दार उघडलं, देशभराच्या परवान्याला ५० कोटी रुपये. पण रूळ, इंजिन आणि हॉलेजचा दर, सगळं रेल्वेच्या हातात, आणि स्पर्धक कंपनीही सरकारचीच. अर्शिया नावाच्या कंपनीने आयोगाकडे तक्रार केली. रेल्वेने म्हटलं आम्ही सरकारचं अंग आहोत, आम्हाला हा कायदा लागूच नाही. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते मानलं नाही, रेल्वे चालवणं हे सार्वभौम कार्य नाही असं म्हटलं. मूळ तक्रार मात्र त्याच वर्षी आयोगाने फेटाळली.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. रेल्वे दर न्यायाधिकरण होतं, चेन्नईत. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ३६ व्या कलमाखाली अवाजवी दर किंवा पक्षपात याबद्दल तिथे तक्रार करता यायची. पण लगेच पुढच्या ३७ व्या कलमात काय काय त्याच्या कक्षेबाहेर आहे ते वाचा. मालाचं वर्गीकरण, व्हार्फेज (माल स्टेशनात पडून राहिल्याचा आकार) आणि डेमरेज, प्रवासी भाडं, पार्सल. म्हणजे दादांच्या दहा-बारा जणांच्या डेमरेजचा दर तिथे आव्हान देण्यासारखा नव्हताच. २०१७ मध्ये ते न्यायाधिकरणही रेल्वे दावे न्यायाधिकरणात विलीन झालं.

कांदेवाला_निफाड

वकीलसाहेब, हे तर आमच्या आठवडे बाजारासारखं झालं. बाजाराची जागा त्याची, काटा त्याचा, आणि त्याच बाजारात त्याचंही दुकान. वजन बरोबर असेलही. पण काटा तिसऱ्याने तपासलेला असला की मन शांत राहतं.

रूळप्रेमी

दादा, तुमची ही काट्याची गोष्ट मी वर्गात सांगणार आहे, परवानगी असावी.

काजूबोंड

रत्नागिरीहून. आमच्याकडे काट्याऐवजी किलोमीटरचा प्रश्न आहे! कोकण रेल्वे वेगळं महामंडळ, १९९० चं. भागीदार केंद्र ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ सहा-सहा. कर्ज काढून बांधलेली लाईन, म्हणून प्रवासी भाडं लावताना अंतर ४० टक्के वाढवून धरत आले. लहानपणी मी वडलांना विचारलं होतं की नकाशात इतकं आणि तिकिटावर तितकं कसं? ते म्हणाले, बोगदे मोजले असतील आतून-बाहेरून.

मला हे वाढीव भाडं चुकीचं वाटत नाही. आमच्या दरडी, आमचे पूल, आमची पावसाळी गस्त, सगळ्याला पैसा लागतो. पण ते ४०च का, ३० का नाही, आणि कर्ज फिटलं की कमी होणार का, याचं उत्तर देणारं कुणीतरी हवं. याच लाईनवर १९९९ पासून कोलाडहून ट्रक गाडीवर चढवून गोव्यात वेर्ण्याला नेतात. इतकं सुंदर काम ज्यांनी केलं ते हिशेबही नीट समजावू शकतील.

पोथीवेडी

थोडं विषयांतर करू का? देबरॉयांनी संपूर्ण महाभारत इंग्रजीत आणलं, दहा खंड, आणि त्यासाठी आधार घेतला तो पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा. मी संस्कृतची विद्यार्थिनी, मला रेल्वेतलं फार कळत नाही. पण चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय ते माहीत आहे. शेकडो हस्तलिखितं समोर ठेवायची, कुठला श्लोक कुठल्या परंपरेत नाही हे पाहायचं, नंतर घुसलेलं बाजूला काढून तळटिपेत ठेवायचं. फेकून द्यायचं नाही. वर वाचलं की ते जुने कायदे तपासायचे काम करत होते, तेव्हा वाटलं की या माणसाला हा पाठ आवडणं साहजिक होतं.

तिकीटबाबू

पोथीवेडी बाई, छान लिहिलंत. आमच्या रेल्वेतही प्रक्षिप्त बरंच आहे. जुनं परिपत्रक रद्द न करता त्यावर नवं येतं. खिडकीखाली माझी एक फाईल होती, दोऱ्याने बांधलेली. दुरुस्तीपत्रकं चिकटवून चिकटवून पुस्तकापेक्षा जाड झालेली.

आणि सेवांच्या विलीनीकरणाबद्दल ताईंना एक दुरुस्ती सुचवतो. समितीने दोन गट सांगितले होते, तांत्रिक आणि लॉजिस्टिक्स. डिसेंबर २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने आठ सेवांची एकच सेवा केली. सिग्नलवाला आणि हिशेबवाला एकाच परीक्षेतून कसा येणार, असं आम्ही तेव्हाच म्हणत होतो. पुढे २०२४ मध्ये तांत्रिक भरती पुन्हा अभियांत्रिकी परीक्षेतून करायचं ठरलं. तेव्हा देबरॉयांचं ऐकलं असं म्हणताना जरा जपून.

रूळप्रेमी

मान्य, काका. मी घाईत लिहिलं. एकत्र आणणं आणि एकच करणं यात फरक आहे.

दफ्तरखाना

कुणीच अॅकवर्थचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. विल्यम अॅकवर्थ हा इंग्रज रेल्वे-अर्थतज्ज्ञ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रेल्वेचं अर्थशास्त्र शिकवायचा. १९२०-२१ मध्ये भारतातल्या रेल्वेसाठी नेमलेल्या समितीचा तो अध्यक्ष. रेल्वेचा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीपासून वेगळा करा, ही त्या समितीची शिफारस. १९२४ मध्ये ते झालं आणि त्यातून स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प आला. ९२ वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये, मंत्रिमंडळाने तो पुन्हा विलीन करायचं ठरवलं, देबरॉयांच्या टिपणानंतर.

एका अर्थतज्ज्ञाने वेगळं केलं, दुसऱ्याने जोडलं. वरवर पाहता उलट वाटतं. मी दोन्ही वाचून या मताला आलोय की दोघांची तक्रार एकच होती, तिजोरी सांभाळणाऱ्याने रेल्वेच्या रोजच्या कामात हात घालू नये. १९२१ मध्ये वर्षाअखेर न वापरलेला पैसा परत जायचा, त्यामुळे रुळांची दुरुस्ती अर्धवट राहायची. म्हणून वेगळी तिजोरी. पुढे त्याच वेगळ्या अर्थसंकल्पाचं नवीन गाड्या आणि थांबे जाहीर करण्याचं व्यासपीठ झालं.

आणखी एक. व्यापाऱ्याच्या गाऱ्हाण्यासाठी दर ठरवणारं न्यायाधिकरण हवं, हेही अॅकवर्थ समितीनेच म्हटलं होतं. त्या समितीत श्रीनिवास शास्त्री होते, तेव्हा भारत सेवक समाजाचे अध्यक्ष, म्हणजे गोखल्यांच्या गादीवर. आणि मुंबईचे पुरुषोत्तमदास ठाकुरदास. पुढे १९३० मध्ये भारत सेवक समाजाच्याच आवारात गोखले इन्स्टिट्यूट उभी राहिली, जिथे देबरॉय शिकवायला आले आणि २०२४ मध्ये काही महिने कुलपतीही होते. शंभर वर्षं तोच प्रश्न पुण्याच्या त्याच आवाराभोवती फिरतोय.

कलम_एकोणीस

दफ्तरखाना, हे सुंदर जोडलंत. त्या न्यायाधिकरणाचं पुढे काय झालं ते मी वर लिहिलंय, आता ते वाचताना वाईट वाटतं.

यॉर्ककर

मी इंग्लंडात यॉर्कला राहतो, सिग्नलिंगमध्ये काम करतो. इथला अनुभव सांगतो, कारण नियामक म्हटलं की लोक ब्रिटनचं नाव घेतात, आणि अर्धंच घेतात.

इथे १९९३ च्या कायद्याने रेल्वेचे तुकडे झाले. रूळ एका कंपनीकडे, रेलट्रॅक. गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांकडे. नियामक पहिल्या दिवसापासून होता. तरी १७ ऑक्टोबर २००० ला हॅटफील्डला रूळ फुटला, ३०० हून जास्त तुकडे झाले, चार माणसं गेली. रुळाच्या कडेला बारीक भेगा पडतात, त्या आधीपासून दिसत होत्या. मग देशभर शेकडो ठिकाणी वेग उतरवला आणि वर्षभरात रेलट्रॅक बुडाली. आता रूळ नेटवर्क रेलकडे, म्हणजे सार्वजनिक. आमच्या प्रशिक्षणात अजूनही त्या भेगांचे फोटो दाखवतात. नखाने ओढलेल्या रेघा वाटतात. सांगायचं एवढंच की नियामक आला की सगळं सुरळीत होतं असं समजू नका. त्याच्याकडे रूळ वाचता येणारी माणसं लागतात.

आता दुसरी बाजू. यॉर्कच्या फलाटावर उभं राहिलं की लंडनला जायला सरकारी एलएनईआर मिळते आणि ग्रँड सेंट्रलही मिळते. ग्रँड सेंट्रलला सरकारचं कंत्राट नाही. तिने नियामकाकडे अर्ज केला, रुळावर मोकळी वेळ दाखवली आणि २००७ पासून गाड्या सुरू केल्या. नियामक, इथे त्याला ओआरआर म्हणतात, एक हिशेब पाहतो. नवी गाडी जुन्या कंपनीचं जितकं उत्पन्न ओढते त्याच्या निदान ०.३ पट तरी नवं उत्पन्न आणते का? नुसतीच दुसऱ्याच्या ताटातलं घेणारी असेल तर परवानगी नाही. असा आकडा समोर असला की वाद मुद्द्यावर होतो.

आणि बाबूकाकांसाठी खास. इथे ज्या भाड्यांवर मर्यादा आहे ती मर्यादा सरकार ठरवतं, नियामक नाही. नियामक पाहतो रूळ कुणाला, किती पैशात, आणि सुरक्षित आहे का. त्यामुळे तुमच्या आटपाडीच्या हमालाचं भाडं नियामकाच्या हातात जाईलच असं नाही.

तिकीटबाबू

हे मला नव्हतं माहीत. मी इतकी वर्षं समजून चाललो होतो की नियामक म्हणजे भाडेवाढ.

चौथी_सीट

मग माझा अर्ज कुठे द्यायचा? 🙂

गमतीचं सोडा. मुंबई लोकलबद्दलही समितीने म्हटलं होतं ना, उपनगरी सेवा राज्यांबरोबर भागीदारीत वेगळी काढा? आमच्याकडे एमआरव्हीसी (मुंबई रेल्वे विकास महामंडळ) १९९९ पासून आहे, रेल्वे ५१, महाराष्ट्र ४९. पण ते प्रकल्प बांधतात, लोकल चालवत नाहीत. माझ्या डब्यात पंखा बंद असेल तर मी मध्य रेल्वेला सांगते. गर्दी कमी करा म्हणून कुणाला सांगू? राज्य म्हणतं रेल्वे केंद्राची. रोज तीन तास माझे त्यात जातात, मुलगी झोपल्यावर घरी पोचते. मला स्पर्धा वगैरे नको, सहा मिनिटांवर गाडी आहे म्हटलं की सहा मिनिटांनी यावी. त्याची जबाबदारी एका नावावर असावी एवढंच मागणं आहे.

कलम_एकोणीस

ताई, तुमचं मागणं नियामकाचंच आहे. सेवेचा दर्जा लिहून ठेवणं आणि तो पाळला का हे तपासणं, हे त्याच्या कामातच येतं.

खासगी गाड्यांचं काय झालं तेही आठवा. जुलै २०२० मध्ये १०९ मार्ग, १५१ गाड्या, १२ गट, ३०,००० कोटींच्या गुंतवणुकीची अपेक्षा. वर्षाने बोली उघडल्या तर फक्त तीन गटांसाठी दोनच बोलीदार, त्यातली एक आयआरसीटीसी, म्हणजे घरचीच. सगळं रद्द झालं. कोविडचा काळ होता, अटीही जड होत्या. पण माझ्या अशिलाने मला विचारलं असतं की पस्तीस वर्षं या रुळावर पैसा अडकवू का, वाद झाला तर निवाडा कोण करणार, तर मी काय सांगितलं असतं? ज्याच्याशी वाद, त्याच्याकडेच वेळापत्रक आणि त्याचीच स्पर्धक गाडी पुढे-मागे. देबरॉय समितीने नियामकाला प्रवेशाच्या आधी ठेवलं होतं. आपण तो क्रम उलटा केला.

हिशेबतपासनीस

इटलीत २०१२ पासून वेगवान मार्गावर सरकारी त्रेनितालियासमोर खासगी इतालो धावते. भाडी उतरली आणि प्रवासी वाढले. पण तिथे तो खास मार्ग होता, त्यावर पॅसेंजर आणि कोळसा एकत्र धावत नाहीत. आपल्याकडे भुसावळ-मनमाडच्या रुळावर नवी गाडी घालायची जागा कुठे आहे? त्यामुळे स्पर्धेची पहिली खरी संधी मला मालवाहतुकीत दिसते. पश्चिम समर्पित मालमार्ग दादरीहून मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरापर्यंत, १,५०६ किलोमीटर. तिथे रूळ सांभाळणारी कंपनी वेगळी आहे. त्या रुळावर कुणालाही सारख्या दराने गाडी नेता आली पाहिजे. तिथे नियामक आणा, तिथे शिका, मग बाकीचं.

आणि हो, वर मी म्हटलं होतं हिशेब आधी, नियामक नंतर. कांदेवाला दादांचा अनुभव दोनदा वाचला. मंत्रालय स्वतःहून असा हिशेब मांडेल याची वाट पाहण्यापेक्षा, तो मागायचा कायदेशीर अधिकार असलेला कुणीतरी आधी हवा, असं आता वाटतंय. मत बदलतो.

काजूबोंड

हिशेबतपासनीस साहेब, यात एक भीती आहे. गर्दीच्या मार्गावर कंपन्या येतील, आमच्या सावंतवाडी पॅसेंजरला कोण विचारणार? चौकशी फक्त फायद्याच्या गाडीची होईल आणि तोट्याची गाडी हळूच बंद होईल.

रूळप्रेमी

काजूबोंड, ही भीती खरी आहे आणि मी तिला मूळ धाग्यात जागा द्यायला हवी होती. अहवालात याचं उत्तर आहे. तोट्याची सेवा सरकारला हवी असेल तर सरकारने ती ठरवून, करार करून, पैसे मोजून विकत घ्यावी. हिशेबतपासनीस यांनी हमालाच्या सवलतीबद्दल तेच लिहिलं. सावंतवाडी पॅसेंजरची किंमत वर्षाला अमुक कोटी, ती केंद्राने किंवा राज्याने भरायची, विधानसभेत त्यावर चर्चा व्हायची. आज ती गाडी कुणाच्या तरी मर्जीवर धावते. रक्कम लिहिलेली असेल तर बंद करणाऱ्याला निदान तोंड दाखवावं लागेल.

सगळ्यांचं वाचून माझंही थोडं सरकलं. मी नियामक म्हणजे दर ठरवणारा असं धरून चालले होते, इथल्या बहुतेकांसारखीच. यॉर्ककरांमुळे कळलं की त्याचं पहिलं काम रुळाचं दार राखणं आहे. आणि बाबूकाकांमुळे कळलं की तो भाडं वाढवायला येत नाहीये हे कर्मचाऱ्यांना आधी कुणीतरी नीट सांगायला हवं होतं.

एक काम काढते. अहवाल इंग्रजीत आहे आणि लांबलचक आहे. त्यातलं नियामकाचं प्रकरण मी मराठीत सोपं करून पुढच्या रविवारपर्यंत इथे टाकते. हिशेबांचं प्रकरण कुणी घेईल का?

हिशेबतपासनीस

घेतलं. मार्च जवळ नाही, वेळ आहे.

कलम_एकोणीस

३६ आणि ३७ कलमांचा मराठी मजकूर मी देतो.

तिकीटबाबू

नोकरवर्गाचं प्रकरण माझ्याकडे द्या. आमच्या निवृत्तांच्या गटात छापून वाटीन. मोठ्या अक्षरात टाका, सगळ्यांना चष्मे आहेत.

कांदेवाला_निफाड

डेमरेजचं जिथे असेल तिथे मला हाक मारा. मागच्या तीन हंगामांच्या पावत्या आहेत, नावं झाकून फोटो टाकतो. आज रात्री गाडी भरायची आहे, ट्रकच धरलाय या वेळी. उद्या दुपारी येतो.